खान्देश कुठे कापायचा?

मागच्या दिवाळीत आमचा अर्धवट गेम मी मामांच्या फोनमध्ये टाकून दिला. मामांचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावर. गेमही तिथलाच. खेळणारा पाटकरी होतो, बंधाऱ्यावरून आलेलं पाणी शेतांना पाळीपाळीने देतो आणि हंगाम संपेपर्यंत कुणाचं पीक जळू द्यायचं नाही, एवढंच काम. मामा चष्मा लावून दोन संध्याकाळी मन लावून खेळले. तिसऱ्या दिवशी फोन माझ्या हातात देताना म्हणाले, "बेटा, शेवटच्या शेताला पाणीच पोचत नाही. मी पाटकऱ्याला जेवायला घरात नेला की पाट थांबतो. पाणी काय त्याच्या पायाला बांधलंय का?"

मला हसू आलं. मग ते थांबलं, कारण पाणी खरोखरच त्याच्या पायाला बांधलेलं होतं. ते मीच बांधलं होतं. आणि याच गोष्टीवरून चार महिन्यांपूर्वी माझी आणि माझ्या मैत्रिणीची इतकी जुंपली होती की आम्ही एकमेकींना फोन करणंही बंद केलं होतं.

ही त्या भांडणाची गोष्ट आहे. आणि ती सांगायची तर १९०६ साली खान्देशाचे दोन तुकडे कसे पडले, हेही सांगावं लागेल. कारण शेवटी मला माझ्या कोडचं उत्तर तिथे सापडलं.

०

आधी गेमबद्दल. पांझरेवर फड पद्धत आहे. नदीवर लहानसा बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग. त्या प्रत्येक भागाला फड म्हणतात. एका फडात त्या हंगामात एकच पीक, मग शेत कुणाचंही असो. पाणी कोण, कधी, किती घेणार हे गाव ठरवतं आणि त्याप्रमाणे दार उघडायचं काम पाटकऱ्याचं. पाटकरी शेतकऱ्याच्या हाती दार देत नाही. ही व्यवस्था निदान तीनशे वर्षं जुनी मानतात. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर ती होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. या सगळ्यात खेळ आधीच दडलेला आहे, असं आम्हा दोघींना वाटलं.

आम्ही दोघी म्हणजे मी धुळ्याची आणि ती जळगावची. विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये ओळख झाली. नोकऱ्या वेगवेगळ्या शहरांत लागल्या, पण रात्री आणि रविवारी गेम चालू राहिला. चित्रं ती काढायची, कोड दोघी लिहायचो.

आता क्लास म्हणजे काय, तेही सांगते. प्रोग्रॅमिंगमध्ये क्लास म्हणजे एका प्रकारच्या गोष्टीचा साचा. त्या गोष्टीजवळ कोणती माहिती असते आणि ती काय काय करू शकते, हे एका ठिकाणी लिहून ठेवायचं. ही कल्पना ओस्लोतल्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगोर यांनी सिम्युला या भाषेत मांडली. १९६७च्या सिम्युलामध्ये 'क्लास' हा शब्द आला. त्यांना बंदरं, रांगा, कारखाने अशा खऱ्या जगातल्या व्यवस्था कम्प्युटरवर चालवून बघायच्या होत्या. म्हणजे क्लास हा मुळातच जगाचे भाग पाडायचा प्रयत्न आहे.

आमच्या पहिल्या क्लासचं नाव 'पाटकरी'. तो चालायचा. दार उघडायचा. मग दार उघडल्यावर पाणी किती वाहिलं, हेही त्यातच लिहिलं. पाणी वाहिलं तर शेत किती भिजलं, तेही. पीक किती वाढलं, तेही. शेतकरी चिडला का, तेही. प्रत्येक वेळी कारण तेच: 'आत्ता इथेच टाकू, नंतर बघू.' युनिटीमध्ये एक अपडेट नावाचं फंक्शन असतं. ते सेकंदाला साठेक वेळा, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल तितक्यांदा चालतं. आमच्या पाटकऱ्याच्या अपडेटमध्ये सगळं गाव चालत होतं. तो घरात शिरला की आम्ही त्याला पडद्यावरून बंद करायचो आणि त्याच्याबरोबर नदीही बंद पडायची.

मराठीत क्लासला पुस्तकी शब्द 'वर्ग'. तो शब्द मला आवडतो, कारण शाळेतला वर्ग फोडायचा नियम सगळ्यांना माहीत आहे. पट वाढला की तुकडी वाढवायची. सत्तर मुलं झाली, अ आणि ब करा. पाढे तेच, बाई त्याच, मुलं इकडची तिकडे गेली तरी काही बिघडत नाही. माझी मैत्रीण कोडच्या वर्गालाही हाच नियम लावत होती. तिने कुठेतरी वाचलं होतं की क्लास तीनशे ओळींच्या पुढे जाऊ देऊ नये. तीनशे ओळी झाल्या त्या रविवारी तिने तो फोडला.

ती फोड चुकली. तिने वरचा अर्धा भाग एका फाइलमध्ये ठेवला आणि खालचा दुसऱ्या. चालणं आणि निम्मं पाणी इकडे, पीक आणि उरलेलं पाणी तिकडे. पहिलीला दर वेळी दुसरीला विचारावं लागायचं आणि दुसरीला पहिलीला. एक दुरुस्ती करायची तर दोन्ही फाइली उघडायच्या. तीन आठवडे आम्ही ते सोसलं. मग एका रात्री तिला न विचारता मी दोन्ही फाइली पुन्हा एक करून टाकल्या.

सकाळी तिचा फोन आला. "अगं, निदान सांगायचं तरी होतंस!" मी म्हटलं, "चालत नव्हतं, म्हणून केलं." ती म्हणाली, "तुम्हा धुळेकरांना सगळं एकाच हाताखाली ठेवायची सवयच आहे. आम्हालाही १९०६ सालापर्यंत ठेवलं होतंत."

ती चेष्टा होती. मी ती चेष्टा म्हणून घेतली नाही. त्यानंतरचे चार महिने फाइल एकच राहिली, वाढत वाढत दोन हजार ओळींच्या पुढे गेली, आणि मैत्रीण गप्प झाली.

०

मामांच्या त्या प्रश्नानंतर मला तिचं वाक्य आठवलं. १९०६ साली नेमकं काय झालं, हे मला धड माहीत नव्हतं. शाळेत 'पूर्वीचा पश्चिम खान्देश म्हणजे आपला धुळे जिल्हा' एवढंच शिकले होते. मग जुनी गॅझेटियरं फोनवर उघडून वाचत बसले.

खान्देश हे नाव फार जुनं आणि फार चिवट. फारुकी सुलतानांनी १३८२ ते १६०१ इथे राज्य केलं, बुऱ्हाणपूर त्यांची राजधानी. अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि आपल्या दानियाल या मुलाच्या नावावरून प्रांताचं नाव 'दानदेश' ठेवलं. बादशहाचा हुकूम होता, तरी लोक खान्देशच म्हणत राहिले. क्लासचं नाव बदललं, पण ते वापरणाऱ्या सगळ्यांनी जुन्याच नावाने हाक मारली, असं झालं ते.

१८१८ साली पेशवाई संपली आणि खान्देश कंपनीकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला अधिकारी. त्याने ठाणं म्हणून धुळं निवडलं आणि जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. आजही धुळ्यात पत्ता विचारला की गल्लीचं नाव कमी आणि गल्लीचा नंबर जास्त ऐकू येतो. ते ठाणं जवळजवळ सगळ्या खान्देशाचं होतं: पूर्वेला रावेरपासून पश्चिमेला नवापूरपर्यंत, तापीच्या काठाने दीडशे मैलांहून लांब पट्टा.

आणि या एका जिल्ह्याच्या अंगावर किती कामं होती! सारा वसूल करणं, न्याय देणं. सातपुड्यातल्या भिल्लांशी लढाया चालू होत्या, म्हणून १८२५ साली जेम्स आऊट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. पश्चिमेच्या डोंगरातल्या मेवासी संस्थानिकांशी व्यवहारही खान्देशचाच कलेक्टर बघायचा. तिकडे पूर्वेला वेगळंच चाललं होतं. साठच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे जळगाव-भुसावळवरून पुढे गेली. त्याच वेळी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावची बाजारपेठ त्या काळात वर आली. धुळं मात्र मुख्य मार्गापासून बाजूला राहिलं. त्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो थेट १९०० साली.

एकाच कलेक्टरच्या टेबलावर एका बाजूला कापसाचे गठ्ठे आणि रेल्वे, दुसऱ्या बाजूला डोंगर, जंगल आणि संस्थानिक. वाचताना मला माझी दोन हजार ओळींची फाइल दिसायला लागली.

पहिली दुरुस्ती १८६९ साली झाली. नाशिक हा नवा जिल्हा केला तेव्हा खान्देशातले मालेगाव, बागलाण, नांदगाव हे भाग त्यात गेले. आपण कोडमध्ये हेच करतो. क्लास फोडायच्या आधी जी फंक्शनं शेजारच्या क्लासची वाटतात ती तिकडे हलवून बघायची. पण त्याने भागलं नाही. उरलेला खान्देश अजूनही दहा हजार चौरस मैलांहून मोठा होता आणि १९०१च्या जनगणनेत त्यात १४,२७,३८२ माणसं होती.

१९०६ साली त्याचे दोन जिल्हे झाले. आता हे आकडे नीट बघा. पूर्व खान्देश, मुख्य ठाणं जळगाव: ४,५४४ चौरस मैल, १९०१च्या मोजणीनुसार ९,५७,७२८ लोक. पश्चिम खान्देश, मुख्य ठाणं धुळे: ५,४९७ चौरस मैल आणि ४,६९,६५४ लोक.

हे आकडे वाचून मी थांबले. निम्मेनिम्मे करायचे असते तर असे झाले नसते. क्षेत्र बघून कापलं म्हणावं, तर एक भाग दुसऱ्यापेक्षा साडेनऊशे मैलांनी मोठा. माणसं मोजून कापलं म्हणावं, तर एकीकडे दुसऱ्याच्या दुप्पट. मी भागाकार करून बघितला. पूर्वेला दर चौरस मैलाला सुमारे २११ माणसं, पश्चिमेला ८५. म्हणजे रेघ जिथे पडली तिच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या प्रकारचे प्रदेश होते: एक दाट वस्तीचा, काळ्या मातीचा, रेल्वेकाठचा, आणि दुसरा बराचसा विरळ, डोंगराळ. शाळेत तुकडी पाडतात तशी ही फोड नव्हती. शिवण होती तिथे उसवलं होतं.

०

याच्या उलट उदाहरणही त्याच काळात सापडतं. खान्देशच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९०५मध्ये, लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली. तेव्हाच्या बंगाल प्रांतात बिहार आणि ओरिसाही होते, लोकसंख्या आठ कोटींच्या जवळपास. सरकारचं सांगणं असं की प्रांत एका माणसाला सांभाळण्यापलीकडे मोठा झाला आहे. ते खोटं नव्हतं. पण रेघ मारली ती बंगाली बोलणाऱ्यांच्या मधून. त्यातून काय पेटलं, हे आपण स्वदेशी आणि बहिष्काराच्या धड्यात वाचलेलं आहे. डिसेंबर १९११मध्ये दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली. पण लक्षात घ्या, प्रांत पुन्हा होता तसा एक झाला नाही. बंगालचे दोन भाग जोडले आणि बिहार-ओरिसा १९१२ साली वेगळा प्रांत केला. कापायची गरज होतीच. पहिली रेघ चुकीच्या जागी होती.

माझ्या मैत्रिणीचं आणि माझं भांडण मला इथे उलगडलं. 'क्लास मोठा झालाय' हे तिचं म्हणणं बरोबर होतं. 'ही फोड चालत नाही' हे माझंही बरोबर होतं. चुकलं ते पुढे. चुकीच्या जागी कापलं म्हणून कापायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं आणि चार महिने बसले.

मग शिवण शोधायची कशी? यावर आमच्या धंद्यात फार आधी विचार झालेला आहे. १९७२ साली डेव्हिड पार्नस यांनी एक लहानसा निबंध लिहिला. एकच प्रोग्रॅम त्यांनी दोन प्रकारे तोडून दाखवला. एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे: आधी हे, मग ते. दुसऱ्यांदा, पुढे जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे तो प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून. चालताना दोन्ही सारखेच चालतात. बदल करायची वेळ आली की पहिल्यात सगळीकडे हात घालावा लागतो, दुसऱ्यात एकाच ठिकाणी. पुढे रॉबर्ट मार्टिन यांनी हेच माणसांच्या भाषेत सांगितलं: एका भागाला बदलायला लावणारी माणसं एकाच गटातली असावीत. दोन वेगळे गट एकाच क्लासकडे दोन वेगळ्या मागण्या घेऊन येत असतील, तर ते दोन क्लास आहेत.

गेम बनवणारे या दगडावर वारंवार ठेचकाळले आहेत. खेळातल्या पात्राला सगळंच करायचं असतं, म्हणून सगळं त्याच्याच पोटात जातं. १९९८ साली आलेल्या 'थीफ' या गेमच्या इंजिनात, वस्तू एक आणि तिचे गुणधर्म वेगळे, अशी मांडणी होती. 'डन्जन सीज'चे स्कॉट बिलास यांनी २००२ साली गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत याच विषयावर भाषण केलं. आज युनिटीमध्ये आपण एका वस्तूला चालणं, दिसणं, आवाज हे सुटे सुटे भाग जोडतो. त्याच्या मागे हाच विचार आहे. सुटे भाग जोडायची सोय आम्हाला हातात आयती मिळाली होती आणि तरी आम्ही सगळं एकात कोंबलं.

मी कागद घेतला आणि गेल्या वर्षभरात 'पाटकरी'त काय काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून बदललं, ते लिहून काढलं. चालायचा वेग, पायाखालची धूळ, अंगठा कुठे ठेवायचा: हे सगळं आमच्या वयाच्या, फोनवर खेळणाऱ्या दोस्तांनी सांगितलेलं. पाणी किती मुरतं, रात्रीची पाळी, कोरड्या पाटात पाणी सोडलं की शेवटापर्यंत यायला लागणारा वेळ: हे मामांनी आणि त्यांच्या गावातल्या माणसांनी. दोन याद्या, आणि एकही ओळ दोन्हीकडे नाही. शिवण वर्षभर समोर होती. क्लास दोन होते: पाटकरी आणि पाट. माणूस आणि पाणी.

०

इथेच थांबले असते तर 'जागा बघून कापा' एवढंच सांगून निबंध संपला असता. पण 'कधी' हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर मला १९०६मध्ये मिळालं नाही. ते १९९८मध्ये मिळालं.

पश्चिम खान्देश पुढे धुळे जिल्हा झाला. पण तोही आतून एकसारखा नव्हता. धुळे, शिंदखेडा हा एक प्रदेश. अक्कलकुवा, तळोदा आणि सातपुड्याच्या आत लपलेलं धडगाव हा दुसराच. धडगावच्या माणसाला कलेक्टर कचेरीत काम पडलं तर घाट उतरून, तापी ओलांडून शंभर किलोमीटरहून बराच जास्त प्रवास करून धुळ्याला यावं लागायचं. एक सही चुकली की पुन्हा तेच. हे १९०६ साली होतं, १९४७ साली होतं, महाराष्ट्र झाला तेव्हाही होतं. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. धुळ्याकडे चार तालुके राहिले.

२०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे, धुळ्यात ३२ आणि जळगावात १४. ही शिवण काही १९९८ साली तयार झाली नाही. पहिली फोड आणि दुसरी फोड यांच्यात ९२ वर्षं गेली.

मी धुळ्यात वाढले. कलेक्टर कचेरी आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं. जिल्हा मोठा आहे हे मला कधी जाणवलंच नाही. जाणवणार कसं? मध्यावर बसलेल्याला सगळं जवळच असतं. मोठेपणाचा त्रास असतो तो टोकाला. ज्या फाइलमध्ये मी रोज काम करत होते त्यातली प्रत्येक ओळ मला पाठ होती, म्हणून मला ती दोन हजार ओळींची फाइल सोपी वाटत होती. माझ्या मैत्रिणीला आठवड्यातून एकदा ती उघडावी लागायची आणि दर वेळी ती हरवायची. आणि खेळात सगळ्यात टोकाचं कोण होतं? शेवटचं शेत. ते वाळत होतं आणि मला दिसत नव्हतं, कारण गेम तपासताना मी नेहमी बंधाऱ्याजवळच्या पहिल्या शेतापाशीच उभी राहायचे.

'क्लास कधी फोडायचा' याला आता माझं उत्तर असं आहे. ओळी मोजू नका. स्वतःलाही विचारू नका, कारण आपण धुळ्यात बसलेलो असतो. सगळ्यात टोकाला कोण आहे आणि त्याला काम करून घ्यायला किती लांब यावं लागतं, ते बघा. एकच साधी गोष्ट बदलायला कुणाला संबंध नसलेल्या दहा गोष्टींतून जावं लागत असेल, आणि ते वारंवार होत असेल, तर वेळ झालेली आहे. कदाचित टळूनही गेली असेल.

०

मी मैत्रिणीला फोन केला. तिने उचलला. मी म्हटलं, "१९०६बद्दल तू बरोबर होतीस." ती दोन क्षण गप्प, मग म्हणाली, "आणि तीनशे ओळींबद्दल मी चूक होते. हे मला चार महिन्यांपूर्वीच कळलं होतं, पण तू विचारलंसच कुठे?"

पुढचे दोन रविवार आम्ही बसलो. पाट वेगळा केला. पाटकऱ्याने पाटाला दोनच गोष्टी सांगायच्या असं ठरलं: दार उघड, दार लाव. पाणी किती वाहतं, कुठे मुरतं, हे पाटाचं पाटाने बघायचं. दार कुणी उघडलं याच्याशी पाटाला देणंघेणं नाही. पाटकरी जेवला, झोपला, मेला तरी पाणी आपल्या वाटेने जाईल.

फोड फुकट होत नाही, हेही सांगायला हवं. तीन नवे बग निघाले. सगळ्यात वाईट म्हणजे जुने साठवलेले खेळ उघडेनात, कारण त्यात पाण्याचा हिशेब पाटकऱ्याच्या नावावर लिहिलेला होता. त्यात मामांचा खेळही होता. जिल्हा फोडला की दप्तरं वेगळी करावी लागतात, खटले इकडचे तिकडे न्यावे लागतात. कागदावरची रेघ एका दिवसाची, तिच्या मागचं काम बऱ्याच दिवसांचं. आम्ही जुन्या फाइली नव्या रचनेत आणणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो लिहायला फोडण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आणि काय एकत्र ठेवायचं, हेही तेव्हाच ठरवावं लागतं. खान्देशाचे आज तीन जिल्हे आहेत, पण 'आहे'ला 'शे' म्हणणारी अहिराणी कोणत्याही जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही. १९९० साली खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठातून निघून जळगावच्या नव्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आली. आता त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. तीही एक फोडच. पण त्या फोडीने तिन्ही जिल्हे पुन्हा एका छताखाली आणले. नाहीतर धुळ्याची मी आणि जळगावची ती भेटलोच नसतो. आमच्या गेममध्ये ते छत म्हणजे घड्याळ. दिवस-रात्र, हंगाम आणि पाळी हे पाट आणि पाटकरी दोघंही एकाच घड्याळावरून वाचतात. त्याची दोन घड्याळं करायचा मोह झाला होता. केली असती तर पाटकरी सकाळी उठला असता आणि पाटात अजून मध्यरात्र असती.

संक्रांतीला मी पुन्हा मामांकडे गेले आणि नवा गेम त्यांच्या फोनमध्ये टाकला. त्यांनी पाटकऱ्याला बंधाऱ्यावर नेलं, दार उघडलं, मग मुद्दाम त्याला घरात नेऊन बसवलं आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही वाट बघत राहिलो. पडद्यावर घराची भिंत आणि चूल, बाकी काही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी पाटकऱ्याला बाहेर काढलं आणि चालवत चालवत पार शेवटच्या शेतापर्यंत नेलं. माती काळी झालेली होती.

"आता बरोबर," मामा म्हणाले आणि लगेच पुढचं काढलं, "पण वरच्या शेताला जास्त झालं बघ."

परतताना बसमध्ये मैत्रिणीचा मेसेज आला: पाटाच्या क्लासमध्ये आता पीकही येऊन बसलंय, ते वेगळं काढायचं का? महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. आमच्याकडे भुसावळ जिल्हा व्हावा ही मागणीही अधूनमधून निघते. ती बरोबर की चूक, हे धुळ्यात वाढलेल्या मी सांगू नये. ते रावेर, मुक्ताईनगरच्या माणसाला विचारावं. मैत्रिणीलाही मी तेच लिहिलं: आत्ता नको. पीक कुणाला लांब पडतंय, ते आधी बघू.